‘नाही’चे प्राध्यापक

जून उजाडला की कोल्हापूरच्या कॉलेजांना गोरगरिबांच्या पोरांची अचानक माया येते. वर्षभर ज्यांना गेटवरचा वॉचमन ‘ओळखपत्र दाखव’ म्हणून अडवतो, त्यांच्याच दारात ही शिकलेली माणसं जूनमध्ये चपला काढून उभी राहतात. काल लेकीनं घरून फोनवर चार-पाच जाहिराती पाठवल्या. सगळ्या सारख्याच. एक इमारत, इमारतीपुढं हिरवळ आणि कोपऱ्यात हात जोडून हसणारा एक माणूस. त्यातल्या एका हात जोडलेल्याला मी ओळखलं. पूर्वी तो भूगोल शिकवायचा. शिकवायचा म्हणजे भूगोलाचा पगार घ्यायचा. आता प्राचार्य झालाय. झाला नसता तरच नवल.

“अब्बा, कुठला विषय घेऊ?” लेकीनं विचारलं.

आठवीत शाळा सोडलेला माणूस मी. मस्कतला एका कंपनीची बस चालवतो. कुणी काही विचारलं की मला आधी धास्ती वाटते, उत्तर मागून सुचतं. घरून फोन आला तर वाटतं, काय झालं असेल. नाही आला तर वाटतं, काहीतरी झालंय आणि हे सांगत नाहीत. “सांगतो” म्हटलं आणि फोन ठेवला. खोलीबाहेर भट्टीच्या तोंडासारखी हवा होती, पण माझ्या नाकात भलताच वास भरला. भिजलेल्या रेक्झिनचा, ओल्या छत्र्यांचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनही दमट झालेल्या प्रवेश अर्जांचा. तत्त्वज्ञानाच्या चौगुले सरांबरोबर फिरलो त्या जूनचा वास.

अब्बांची कंबर गेली आणि त्यांची जीप दारात नुसती उभी राहिली, म्हणून मी शाळा सोडली. वडाप करायचो. वडाप म्हणजे बसतील तेवढी माणसं घ्यायची आणि मग आणखी घ्यायची. पावसाळ्यात मात्र कॉलेजची भाडी मिळायची. चर्चासत्र असलं की पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, अंबाबाईचं दर्शन घडवायचं, पन्हाळा दाखवायचा आणि संध्याकाळी परत गाडीत बसवायचं. मधल्या वेळात ते भाषण करायचे. तत्त्वज्ञानातली किती मोठमोठी माणसं माझ्या जीपमध्ये बसली असतील! गाडीत बसल्या बसल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला. चपला कुठं चांगल्या मिळतात? दुसरा प्रश्न पांढऱ्या रश्श्याचा. अस्तित्व या विषयावर बोलायला माणूस इतक्या लांबून येतो आणि चपलेचा जोड कर्रकर्र वाजतोय का नाही ते बघण्यात त्याची दुपार जाते.

हॉलच्या मागं उभं राहून मी ती भाषणं ऐकायचो. एकजण कागद वाचायचा, अध्यक्ष घड्याळ बघायचे, पुढच्या रांगेतले आपला नंबर कधी म्हणून चुळबुळायचे. मागच्या रांगांत पहिल्या वर्षाच्या पोरींना जेवणाचं कुपन देऊन बसवलेलं असायचं. प्रमाणपत्रं वाटून झाली की हॉल असा रिकामा व्हायचा की झाडूवाली बाईसुद्धा म्हणायची, “आलती कशाला ही माणसं?” प्रमाणपत्राचे गुण मिळतात, गुणांवर बढती मिळते, बढती मिळाली की तोच माणूस पुढच्या चर्चासत्राचा अध्यक्ष होतो. माणसं शिकून मोठी होतात असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं. मी तर त्यांना एकमेकांना शाली घालून मोठी होताना बघितलंय.

चौगुले सर त्यातलेच एक. उगीच त्यांना देव करत नाही. शाली त्यांनीही घेतल्या, त्यांचेही लेख कुणी न उघडणाऱ्या मासिकांतून आले. फरक एवढाच की त्यांना ते ठाऊक होतं. “दस्तगीर,” ते म्हणायचे, “माझं लिखाण जगात मोजक्या माणसांनी वाचलंय. त्यातल्या निम्म्यांनी भांडायला म्हणून वाचलं.” आणि खो खो हसायचे. ते पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसायचे. बाकीचे प्राध्यापक मागं बसून माझ्या मानेशी बोलायचे. आणि एक गोष्ट. ‘शिकायला पाहिजे होतंस रे’ हे वाक्य मला ज्यानं त्यानं ऐकवलंय, गल्लीतल्या न्हाव्यापासून व्हिसाच्या एजंटापर्यंत. सरांनी एकदाही नाही. त्याचे उपकार मी कसे सांगू?

त्यांचा विषय तत्त्वमीमांसा. काय आहे, काय नाही, आणि असणं म्हणजे तरी काय, याचा विचार. त्यातही त्यांची डॉक्टरेट ‘अभाव’ या गोष्टीवर. म्हणजे नसण्यावर! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझी थट्टा करताहेत. एकदा जीप स्टँडवर उभी होती. सरांनी समोरच्या कट्ट्याकडं बोट केलं.

“काय दिसतंय?”

“काय न्हाई, सर. मोकळा हाय.”

“रोज कोण बसतं तिथं?”

“पेपरवाला म्हातारा.”

“मग आज काय दिसलं?”

“त्यो न्हाई हे दिसलं.”

“हां. नाही, हे दिसलं. डोळ्यांनी दिसलं का मनानं ठरवलं, यावर मी आयुष्य घातलंय.”

मान हलवली मी, पण मनात म्हटलं, यावर पगार मिळतो? आम्ही दिवसभर क्लच दाबून गुडघा घालवतो आणि हा माणूस रिकाम्या कट्ट्यावर घर बांधतो. तुच्छता फक्त शिकलेल्यांनाच येते असं कुणी समजू नये. आम्हालाही भरपूर येते, फक्त आमची कुणी छापत नाही.

त्या जूनमध्ये सरांचा विषय मरायला टेकला होता. वर्गात ठरावीक डोकी नसली की विषय बंद, विषय बंद झाला की शिकवणारा ‘अतिरिक्त’. मग त्याला संस्थेच्या दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजात, मिळेल त्या कामाला पाठवतात. म्हणून निकाल लागला की सगळे प्राध्यापक गावं वाटून घेतात आणि मुलं गोळा करत दारोदार हिंडतात. मत मागतात तसं. सरांनी ते कधी केलं नव्हतं. त्या वर्षी प्राचार्यांनी सांगितलं, वर्ग भरला नाही तर विषय गेला. सर माझ्या दारात आले. खांद्याला झोळी, झोळीत अर्ज.

“चल बाबा. गिऱ्हाईक शोधायला.”

भूगोलाच्या सरांचं तंत्र वेगळं होतं. ते पोरांना पाठीवरची पिशवी फुकट द्यायचे. आईबापांना सांगायचे, हजेरीची काळजी नको, पेपरचं आम्ही बघतो. आमचे सर सांगायचे, “रोज यावं लागेल. वाचावं लागेल.” आता अशानं कोण येणार? मी जीपच्या आरशात बघून दात-ओठ खायचो.

गडमुडशिंगीत दूध घालायच्या ठिकाणी चार बापई माणसं बसली होती. सरांनी विषय समजावायला गाईचं उदाहरण घेतलं. इतक्या गाई, काळ्या, पांढऱ्या, मारक्या, तरी सगळ्यांना आपण गाय म्हणतो; मग त्या सगळ्यांतलं ते गाईपण कुठं असतं?

“असं व्हय,” एक म्हातारा गंभीर तोंड करून म्हणाला, “आणि त्या गाईपणाला फॅट किती लागतंय, सर?”

जो हशा झाला! कॅन वाजवून हसले लोक. सरही हसले. मी नाही हसलो. मला झोळीतले कोरे अर्ज दिसत होते. दुसऱ्यानं विचारलं, “पत्रिका बघता का? पोरीचं जमंना झालंय.” सर म्हणाले, बघत नाही. तिथंच ते ‘बघतो’ म्हणाले असते तर दोन-तीन पोरं नक्की मिळाली असती.

हुपरीत एका घरात नवरा-बायको, लेक, सगळीच पैंजणाच्या कड्या जोडत बसलेली. लेक हुशार, डोळे वर करून ऐकत होती. बाप म्हणाला, “काल भूगोलाचे सर येऊन गेलते की. पिशवी दिली, फॉर्म भरून घेतला. तुमी जरा उशीर केलासा, पावणं.” खुंटीला नवीकोरी पिशवी लटकत होती, तिच्यावर कॉलेजचं नाव. ज्ञानाची गंगा म्हणतात ती अशी निळ्या कापडात शिवून खुंटीला टांगलेली असते.

मग राधानगरीकडं निघालो. तिकडं पाऊस पडत नाही, मुक्कामालाच असतो. धरणाच्या पाण्याकडेचं गाव. पुढं चिखल होता म्हणून जीप अलीकडं लावली आणि बांधावरून चालत निघालो. भाताची लावण चालली होती, पाठीवर इरली घेतलेल्या बायका वाकलेल्या. सरांचा पाय घसरला आणि ते कमरेपर्यंत खाचरात गेले. बायका मोकळ्या मनानं हसल्या. एक ओरडली, “मास्तर, लावणीला आलासा व्हय?”

दूध संस्थेच्या चेअरमनच्या घरी पोचलो तेव्हा सरांच्या अंगातून पाणी गळत होतं. चेअरमन म्हणजे त्या खोऱ्यातला अखेरचा शब्द. त्यानं चहा पाजला आणि सरळ मुद्द्यावर आला.

“सर, पोरं देतो. भूगोलवाले दोनदा आलते, अजून शबूद दिलेला न्हाई. माझ्या ऐकण्यातली जेवढी पोरं पास झाल्यात, समदी तुमच्या वर्गात. पर एक काम हाय.”

काम असं होतं. त्याचा धाकटा भाऊ आनंदा आदल्या पावसाळ्यात पाण्याकडं म्हैस आणायला गेला. म्हैस आली, तो आला नाही. खूप शोधलं, सापडला नाही. त्याची बायको शालन मानायला तयार नव्हती. कुंकू लावायची, ताट वाढून ठेवायची. नवरा बुडून मेला असं तिनं लिहून दिलं की जमिनीचं पुढचं सगळं चेअरमन बघणार होता.

“समद्यांनी सांगून झालं. भटजी, फौजदार, तिचा सख्खा भाऊ. ‘डोळ्यानं बघितलंय का कुणी?’ म्हणती. तुमी त्यातलंच शिकलाय न्हवं? काय हाय, काय न्हाई, त्येचंच? कॉलेजचा माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकंल. तिला एकदा म्हणा, त्यो न्हाई. बास.”

काय सांगू, मला केवढं हायसं वाटलं! आयुष्यभर ज्या शब्दावर पगार खाल्ला, तो एक शब्द उच्चारायचा आणि भरलेला वर्ग घेऊन घरी जायचं. मी सरांच्या कानाशी लागलो. “सर, म्हणा की. जातंय काय?”

शालनचं बिऱ्हाड त्याच घराच्या मागच्या सोप्यात. बारावीतली लेक कणगीला टेकून वाचत होती. सरांचा अवतार बघून शालन म्हणाली, “आगं बया, किती भिजलाय ओ!” आणि ट्रंकेतून एक इस्त्रीचा शर्ट काढला. डांबरगोळीचा वास सगळीकडं पसरला. “घाला. त्येंचाच हाय. अंगावर न्या घालून, पर माघारी लावून द्या. आल्यावर लागंल त्येनला.”

सरांनी तो शर्ट घातला. आनंदा सरांपेक्षा बराच उंच असावा. दारात चेअरमन खाकरत उभा होता.

शालन समोर बसली. “दीर म्हणत्यात तुमी लई शिकलाय. मग तुमीच सांगा. हाय का न्हाई?”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. सरांनी तोंड उघडलं, मग हातावर घसरलेली बाही वर ओढली. वर्गात बोलत असावेत तसे सावकाश बोलायला लागले.

“बाई, एखादी वस्तू नाही असं म्हणायचं, तर ती जिथं असेल ती जागा आपल्याला पूर्ण दिसली पाहिजे. या कोनाड्यात तांब्या नाही, हे मी सांगू शकतो. असता तर दिसला असता. पण धरणाचा तळ कुणी बघितलाय?”

“कोण बघणार?”

“पाण्याच्या पलीकडं कुठं गेला का, ते कुणी बघितलंय?”

“न्हाई.”

“मग मला नाही म्हणता येत नाही. आहे असंही म्हणता येत नाही. तेसुद्धा मी बघितलेलं नाही.”

“ते मला म्हाईत हाय की,” शालन म्हणाली. “तुमी न्हाई म्हटलं न्हाईसा, बास झालं.” आणि उठून भात टाकायला गेली. लेकीनं पुस्तक मिटलं होतं. ती सरांकडं बघत होती.

चेअरमनचं तोंड बघण्यासारखं झालेलं. अंगणात आल्यावर म्हणाला, “एवढी वर्सं मग शिकवलासा काय ओ? एक शबूद सांगता येत न्हाई?”

सर पायरीवर उभे राहिले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. “चेअरमन, जमिनीसाठी माणूस मारायचा असंल तर तलाठी पुरे होतो की. प्राध्यापक कशाला लागतोय?”

तडक जीपकडं आलो आणि निघालो. घाटात वायपर बंद पडला, मी एका हातानं काच पुसत गाडी हाणत होतो आणि तोंडानं सरांना बोलत होतो. “एक शब्द सर! त्या बाईला काय, आज ना उद्या कोणतरी सांगणारच. तुमचा वर्ग गेला की आता. कुठं फेकतील तुम्हाला!” सर म्हणाले, “म्हणणार होतो रे. वर्ग दिसत होता समोर, भरलेला. शब्द ओठावर आला होता. तेवढ्यात त्या शर्टाची बाही खाली घसरली. माझा हातच दिसेना झाला मला.”

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. एवढा शिकून माणसाला वेळेला एक खोटं बोलता येत नसेल तर शिकायचं कशाला, असं वाटलं. तो राग अजून माझ्यापाशी आहे. फक्त त्याचा पत्ता बदललाय.

चेअरमननं सगळी पोरं भूगोलाकडं पाठवली. विषय बंद झाला. सर अतिरिक्त ठरले आणि संस्थेनं त्यांना लांबच्या तालुक्यातल्या कॉलेजात पर्यावरण आणि व्यक्तिमत्त्व विकास शिकवायला धाडलं. ज्या माणसानं असण्या-नसण्याचा विचार केला, त्यानं पोरांना टाय कसा बांधायचा आणि मुलाखतीत हसायचं कसं ते सांगायचं. निरोप समारंभाला मी हॉलच्या मागं उभा होतो. भूगोलाचे सर भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, “सरांचा अभाव आम्हाला सतत जाणवेल.” सगळा हॉल हसला. आपण केवढा विनोद केला या खुशीत त्यांनी पाण्याचा घोट घेतला. शाल घातली, नारळ दिला. सरांनी शाल घडी करून माझ्या हातात दिली. “तुझ्या अब्बांना दे. कंबरेला गुंडाळायला बरी.” त्यांना आमच्या अब्बांची कंबर लक्षात होती. हॉलमधल्या एकाला तरी सरांच्या प्रबंधाचं नाव सांगता आलं असतं का?

शर्ट त्यांनी धुऊन, इस्त्री करून माझ्याकडंच दिला होता. मी राधानगरीच्या फेरीत पोचवला. शालननं तो उलगडून बघितला, पुन्हा घडी घातली, ट्रंकेत ठेवला. मग मला चहा दिला.

पुढं जीप विकली. सरांचा एक जुना विद्यार्थी मस्कतला मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याला सरांनी फोन केला, म्हणून मी इथं आहे. घरी सगळी पोटभर जेवतात. नोकरी जाईल, व्हिसा अडकेल, ब्रेक लागणार नाहीत, ही धास्ती रोज असते, पण रोज रात्री सरांचं नाव घेऊन झोपतो. सुट्टीवर गेलो की भेटतो. लेकीला अजून उत्तर दिलेलं नाही. तिनं पाठवलेल्या जाहिरातींतली विषयांची नावं मी वरपासून खालपर्यंत वाचली. व्यक्तिमत्त्व विकास सगळीकडं आहे.

पण सरांचा विषय बंद झाला त्याच्या पुढच्या जूनचं सांगायचं राहिलं. तेव्हा जीप माझ्याकडंच होती. सकाळच्या फेरीला शालन आणि तिची लेक गाडीत बसल्या. लेक पास झाली होती. शालन ठणठणीत आवाजात म्हणाली, “त्या सरांच्या वर्गात घालायची हिला. तीच म्हणती, मला त्येंचंच शिकायचंय. दीर नको म्हणत हुते. मी म्हटलं, जा तिकडं.” कपाळावर कुंकू होतं. मला सांगायचं धाडस झालं नाही. सगळ्या रस्त्यानं मी गिअर बदलत राहिलो. कॉलेजपुढं उतरवलं आणि मीही मागोमाग आत गेलो.

खिडकीत कारकून बसला होता. शालननं वाकून विषयाचं नाव सांगितलं. लेकीनं तिला वाटेत पाठ करून दिलेलं.

कारकुनानं मान वर केली नाही. “न्हाई आता त्यो विषय.”

एवढंच. एका झटक्यात. त्याला काही बघावं लागलं नाही, काही विचार करावा लागला नाही. शालन खिडकीचा गज धरून उभी राहिली. शेजारून भूगोलाचे सर लगबगीनं आले. “या या ताई, काय काळजी करू नका. आमच्याकडं घ्या मुलीला, चांगला स्कोप आहे.” अर्ज भरून झाला, लेकीच्या हातात निळी पिशवी आली. लेकीनं ती खांद्याला लावली नाही, नुसती हातात धरून उभी राहिली.

बाहेर आल्यावर शालननं मला विचारलं, “आणि ते सर ओ? त्येंचं काय झालं?”

“हायत की,” मी म्हटलं. “हितं न्हाईत. लांब बदली झाली.”

“पर हायत न्हवं कुठंतरी?”

“हायत.”

“मग झालं,” शालन म्हणाली आणि लेकीचा हात धरून रस्ता ओलांडायला वळली.